पाट्यांची झोप

आमच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी निघण्याआधी सर टेबलावर स्टीलचा एक डबा ठेवायचे. घरी चकल्या ठेवतात तसला, घट्ट झाकणाचा. दिवसभरात ज्या ज्या वस्तूंमध्ये सेल घातले असतील ते सगळे काढून त्या डब्यात टाकायचे आणि मगच चप्पल पायात घालायची, असा तिथला नियम होता. मीटरमधले सेल, टॉर्चमधले सेल, कॅल्क्युलेटरमधले सेल. भिंतीवरचं घड्याळ तेवढं यातून सुटलं होतं, तेही रोज सकाळी वेळ लावत बसावं लागू नये म्हणून.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याही घरी खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, आणि रेडिओचा आवाज बसला की सेल काढून उन्हात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यावर आणखी चार बातम्या ऐकता येतात, अशी रीत होती. त्यामुळे पहिल्या दिवशी सरांनी डबा पुढे केला तेव्हा मला आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. याच डब्याने आम्हाला पुढे अडचणीत आणलं, ते कसं हे सांगायचं आहे.

वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. दोन खोल्या, शेजारी दोन्ही बाजूंना लेथ. मालकांना मी सर म्हणायचे. ते डिजिटल वजनकाट्यांचे आकडे दाखवणारे डिस्प्ले बनवत. गुळाच्या अडत्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत अनेकांकडे आमचे लाल आकडे लुकलुकत असत. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तिथे लागले तेव्हा नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. पेढे वाटताना वडिलांना कुठली पदवी ते नीट सांगता येत नव्हतं. ते सगळ्यांना "रेडिओचं शिकली" एवढंच सांगत होते.

वडील एसटीत ड्रायव्हर होते, गारगोटी डेपोला. मी त्यांच्याजवळ राहून गारगोटीच्या शाळेत शिकले. आई मात्र गावी, चंदगड तालुक्यात, भातशेती आणि म्हाताऱ्या सासूपाशी अडकलेली. नंतर मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आले. म्हणजे आम्ही तिघं तीन गावांत होतो आणि तिन्ही चुली वेगळ्या. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत गावात फोन एकच, पोस्टात, आणि पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची पुढची खोली. दर रविवारी सकाळी मी होस्टेलबाहेरच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. ठरलेल्या वेळी आई वाडीवरून उतरून पोस्टाच्या कट्ट्यावर येऊन बसायची. फोन लागला की आधी मास्तर बोलायचे, मग आई. आई फोनमध्ये ओरडून बोलायची, कारण कोल्हापूर लांब होतं.

माझी एकच इच्छा होती. वडील निवृत्त व्हायला आले होते, आजी गेल्यावर आईला गावात अडकवणारं फारसं काही उरलं नव्हतं. कोल्हापुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघांनी एका घरात राहायचं. एवढ्या वर्षांत ते कधी जमलंच नव्हतं. पुण्यात नोकऱ्या होत्या, पण आईवडील पुण्याला येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. आईच्या हिशेबात कोल्हापूर हेच जगाचं टोक. म्हणून ही नोकरी टिकणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

आणि ती टिकणार की नाही हे लवकरच किमतीच्या पाट्यांवर येऊन ठेपलं.

शहरातल्या एका सहकारी ग्राहक भांडाराचे अध्यक्ष मुलाकडे परदेशी जाऊन आले. तिथल्या दुकानात त्यांनी मांडणीच्या कडेला लावलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्या पाहिल्या. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये किंमत बदलली की पाटीवरचा आकडा आपोआप बदलतो. परत आल्यावर त्यांनी सरांना बोलावून विचारलं, असं काही करता येईल का. सरांनी हो म्हटलं आणि वर्कशॉपमध्ये येऊन मला विचारलं, असं काही करता येईल का. मीही हो म्हटलं. दोघांनाही ते कसं करायचं हे तेव्हा माहीत नव्हतं.

पाटी म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी प्लास्टिकची डबी. पुढे आकडे, आत बटणासारखे दोन सेल आणि एक इवलासा रेडिओ. दुकानाच्या छताजवळ एक पेटी बसवलेली, तिला आम्ही मास्टर म्हणायचो. मास्टरला भिंतीतली वीज. पाट्यांना फक्त ते दोन सेल, आणि ते काही वर्षं टिकले पाहिजेत. सगळी मेख तिथे होती. पाटी नुसता आकडा दाखवत बसली तर तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पण रेडिओ उघडून ऐकायला बसली की सेल भराभर उतरतात. म्हणून पाटीने बहुतेक वेळ झोपायचं. ठरलेल्या क्षणी उठायचं, मास्टरची हाक ऐकायची, काही बदल असला तर घ्यायचा, "मिळालं" म्हणून उलट कळवायचं आणि परत झोपायचं.

सर हे समजावून घेताना डोकं खाजवत होते. मला मात्र ते पुस्तकात वाचताक्षणी कळलं होतं. मी आणि आई वर्षानुवर्षं हेच करत होतो. ठरलेली वेळ, दोन शब्द, आणि मग आठवडाभर शांतता.

उत्तरांचाही एक घोळ झाला. पहिल्यांदा सगळ्या पाट्यांनी एकदम "मिळालं" म्हटलं आणि मास्टरला कुणाचंच नीट ऐकू येईना. वर्गात सगळी मुलं एकाच वेळी हजर म्हणून ओरडली तर होईल तसं. मग मी हजेरीसारखे क्रमांक दिले. आपला क्रमांक आल्याशिवाय बोलायचं नाही. गारगोटीच्या शाळेतली शिस्त कामी आली.

वर्कशॉपमध्ये पाट्या महिनोन् महिने छान चालल्या. सकाळी डब्यातून सेल काढून घालायचे, दिवसभर चाचणी घ्यायची, संध्याकाळी सेल डब्यात. किती सेल उतरले ते मोजून आम्ही गणित मांडलं आणि अध्यक्षांना सांगितलं की काही वर्षं बघायला नको.

गणपतीच्या आधी भांडारात पाट्या लागल्या. तिथे एक जुने कर्मचारी होते, त्यांना सगळे मामा म्हणत. दुकान उघडण्या-बंद करण्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. आजवर मांडणीवरची किमतीची कार्डं तेच लिहीत आले होते. काळ्या शाईत वस्तूचं नाव, लाल शाईत किंमत, अक्षर असं की माणसाने तांदूळ घ्यायला यावं आणि कार्ड वाचत थांबावं. आमच्या पाटीवर फक्त आकडे उमटत, म्हणून नावाची कार्डं त्यांच्याच हातची ठेवली होती. पण लाल शाईची बाटली बंद झाली होती, आणि मला पाहिलं की ते काहीतरी बोलल्याशिवाय राहत नसत. मला ते इंजिनेरबाई म्हणत.

दसरा जवळ आला तशा पाट्या विझू लागल्या. आधी साखरेची, मग पोह्यांची, मग अख्खी एक रांगच. मी सेल बदलले. थोड्या दिवसांनी त्या परत विझल्या. जे वर्षं टिकायचं ते काही आठवडेही टिकत नव्हतं.

"इंजिनेरबाई, तुमच्या पाट्यास्नी काय जेवायला घालताय का न्हाय?" मामा म्हणाले. आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. मीही हसले आणि पुढची पाटी उघडली.

सरांनी आधी सेलच्या व्यापाऱ्याला धरलं. सेल बदलले, दुसऱ्या कंपनीचे आणले, फरक नाही. मग मला वाटलं दिवाळीसाठी आणून रचलेले तेलाचे पत्र्याचे डबे रेडिओ अडवत असतील आणि पाट्यांना पुन्हा पुन्हा ऐकावं लागत असेल. मी मामांना डबे हलवायला लावले. एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे त्यांनी ते हलवले आणि पूर्ण वेळ पुटपुटत राहिले. त्याचाही उपयोग झाला नाही. मी भांडारात जायचे ती दुपारी, गर्दी कमी असताना. एकेका पाटीजवळ मीटर घेऊन उभी राहायचे. प्रत्येक पाटी शहाण्यासारखी वागत होती. वेळेवर उठत होती, ऐकत होती, झोपत होती. आजाऱ्याने डॉक्टरसमोर ठणठणीत दिसावं तसं.

अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की दिवाळीनंतर संचालक मंडळाची बैठक आहे, तोवर सुधारलं नाही तर पाट्या उतरवू आणि मामांना शाई आणून देऊ. सरांनी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये परत आल्यावर दार लोटून घेतलं आणि मला सरळ सांगितलं. ते गोड बोलणारे नव्हते, पण खोटं बोलणारेही नव्हते.

"हे परत आलं तर मी वायरलेस बंद करणार. परत वजनकाटे. आणि काट्याला इंजिनिअर लागत नाही, हे तुलाही माहीत आहे."

मला माहीत होतं. त्याच आठवड्यात वडिलांनी कळवलं होतं की निवृत्तीची तारीख आली, तू खोल्या बघायला लागली असशील. मी बघितल्याही होत्या. मंगळवार पेठेत दोन खोल्या, मागे नळ, पुढे तुळशीपुरती जागा. घरमालकाला मी दिवाळीनंतर सांगते म्हणाले होते. आता सगळंच दिवाळीनंतर.

दसऱ्यानंतरच्या एका दिवशी वर्कशॉपमधलं काम लांबलं आणि मला भांडारात जायला उशीर झाला. विझलेल्या पाट्यांचे सेल बदलायचे होते. मी शेवटच्या रांगेत गुडघे टेकून बसले असताना दुकान बंद व्हायची वेळ झाली. गिऱ्हाइकं गेली, कॉम्प्युटर बंद झाला. मामांनी काउंटरवरच्या तसबिरीला उदबत्ती लावली, अर्धं शटर ओढलं आणि मला म्हणाले, "बाई, आवरा. मेन पाडतो."

मी विचारलं, मेन कशाला? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला विचारल्याचंच ओशाळं वाटलं. दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायचा, यात विचारण्यासारखं काय होतं? पूर्वी शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट होऊन कापड जळालं होतं. तेव्हापासून या ओळीतलं प्रत्येक दुकान मेन पाडूनच बंद होतं. या भांडारात फ्रिज नव्हता, दूध नव्हतं, रात्री वीज लागावी असं काहीच नव्हतं. आमच्या वर्कशॉपमध्येही सर तेच करायचे. माझ्या खोलीचा मेन स्विच बाहेर नसता तर मीही केलं असतं.

मामांनी दांडी खाली ओढली. खट्‌ झालं आणि दुकानभर अंधार.

चाचणीपुरता म्हणून आम्ही प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक लाल ठिपका ठेवला होता. रेडिओ उघडला की तो पेटायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात तो दिसतही नसे. आता अंधारात एक ठिपका पेटला. मग पलीकडे एक. मी पाहत राहिले. हळूहळू ठिपके वाढले, आणि जो पेटला तो विझेनाच. थोड्याच वेळात डाळी, कडधान्यं, साबण, तेल, सगळ्या मांडण्या तांबड्या ठिपक्यांनी भरून गेल्या. आमच्या गावाकडे पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवर काजवे येतात, तसं ते दिसत होतं. फक्त काजवे विझतात तरी.

मी म्हटलं, "मामा, हे रोज असंच होतं?"

"रोजच की. लई झ्याक दिसतंय," मामा म्हणाले. "मला वाटलं रात्रीची राखण करत्यात."

मी तिथेच एका तांदळाच्या पोत्यावर बसले. मेन पडला की मास्टरही बंद होत होता. पाटी ठरलेल्या वेळी उठायची, हाक यायची नाही. आणि हाक आली नाही तर काय करायचं? मीच तिला सांगून ठेवलं होतं की येईपर्यंत ऐकत राहा. कुठली हाक चुकू नये म्हणून मी मोठ्या काळजीने ती ओळ लिहिली होती. दुकान बंद झाल्यापासून सकाळी मामा येईपर्यंत शेकडो पाट्या कान लावून जाग्या बसत होत्या आणि दुपारी मी येईपर्यंत परत शहाण्यासारख्या वागत होत्या. वर्कशॉपमध्ये आम्हाला हे कधी दिसलंच नाही, कारण तिथे मेन पडायच्या आधी सेल डब्यात गेलेले असायचे.

मला एकदम पोस्टाचा कट्टा आठवला.

होस्टेलच्या दुसऱ्या वर्षी एका पावसाळ्यात चंदगडकडच्या लाइनी पडल्या होत्या. त्या रविवारी मी बूथवर बराच वेळ नंबर फिरवला, लागला नाही, म्हणून खोलीवर जाऊन अभ्यासाला बसले. मला वाटलं आईला कळेल. आई कट्ट्यावर बसून राहिली. मास्तरांनी सांगितलं लाइन बंद आहे, तर म्हणाली, असंल, पण मधेच लागला तर? त्यांच्या बायकोने जेवायला बोलावलं, ती उठली नाही. आपण आत जेवत असताना घंटा वाजली आणि कुणी उचललाच नाही तर, ही भीती. अंधार पडल्यावर भिजत वाडीवर गेली. मला हे कितीतरी दिवसांनी वडिलांकडून कळलं. पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आईशी भांडलेच. ती म्हणाली, फोन येणार म्हणालेलीस, मग मी कशी उठू? त्यावर आम्ही दोघींनी मिळून नियम ठरवला. वेळेला यायचं, वाजला तर बोलायचं. नाही वाजला तर घरी जाऊन जेवायचं, परत पुढच्या रविवारी. दोनतीनदा नाही लागला तर दर रविवारी खाली उतरायचं नाही, बाजारासाठी येशील तेव्हाच डोकावायचं. आणि लाइन सुरू झाली की मी शहरात आहे, बूथ दाराशी आहे, तर फोन पुन्हा पुन्हा लावत राहण्याचं काम माझं.

तो नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. आणि पाट्यांसाठी लिहिताना मी तो साफ विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली आणि हसू थांबलं. "म्हणजे आपण यांना रात्री कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. मग नेहमीप्रमाणे सोपा मार्ग सुचवला, की मामांना मेन चालू ठेवायला सांगू. मी म्हटलं, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं चूक नाही. शिवाय आपल्याकडे नसलं तरी त्यांच्याकडे दिवसाचं भारनियमन आहेच. वीज जाणार हे धरूनच चालायला हवं. सरांनी एक पाटी उचलून माझ्या हातात दिली. "मग पाट्यांना शिकव," म्हणाले.

मी आईचाच नियम लिहिला. हाक नाही आली तर लगेच झोप. पुढच्या वेळी उठ, थोडंच ऐक. काही वेळा असंच झालं तर झोप लांबव, पण एका मर्यादेपर्यंतच. आणि मास्टरची वीज परत आली की त्याने एकदा हाक मारून मोकळं व्हायचं नाही, सगळ्यात उशिरा उठणाऱ्या पाटीपर्यंत धीराने हाका मारत राहायचं. त्याच्याकडे भिंतीतली वीज आहे, थांबण्याचं ओझं त्याने घ्यावं.

अडचण एकच होती. प्रत्येक पाटी मांडणीवरून काढून वर्कशॉपमध्ये आणून तिच्यात हे नव्याने भरावं लागणार होतं. आम्ही एकेक रांग उतरवली. तेवढ्यापुरती मामांची शाईची बाटली परत उघडली. त्यांनी इतक्या आनंदाने कार्डं लिहिली की काही गिऱ्हाइकांनी त्यांना थांबून शाबासकी दिली. मामा मला म्हणाले, "ऱ्हाऊंदेत की हीच. ह्यास्नी सेल लागत न्हाय." ते थट्टेत होते, पण अध्यक्ष मागे उभे होते आणि ते हसले नाहीत.

वर्कशॉपमध्ये पहिली रांग तयार झाली त्या संध्याकाळी सरांनी सवयीने डबा उचलला. झाकण उघडलं. ते टेबलावर मांडलेल्या पाट्यांकडे बघत राहिले, मग झाकण लावून डबा फळीवर ठेवून दिला. मेन त्यांनी स्वतःच्या हाताने पाडला. आम्ही दोघं अंधारात उभे राहिलो. एक ठिपका पेटला, विझला. बऱ्याच वेळाने दुसरीकडे एक. बाकी काळोख. सर कुजबुजत म्हणाले, "झोपल्या बघ." घरातलं लहान मूल झोपल्यावर बोलतात तसं.

दिवाळीच्या आदल्या दिवसांत सगळ्या पाट्या जागेवर गेल्या. भांडार पाडव्याला आणि भाऊबीजेला बंद होतं. म्हणजे पाट्या कधी नव्हे इतका वेळ मास्टरशिवाय राहणार होत्या, आणि उघडायच्या दिवशी तेलाचे आणि डाळींचे भाव बदलायचे होते. मी भाऊबीज कशीबशी काढली.

त्या सकाळी शटर उघडायच्या आधीच मी तिथे होते. सर आले. अध्यक्षही आले, ते येणार हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी मेन वर केला. मास्टरचा हिरवा दिवा लागला. मी काउंटरवरून नवे भाव पाठवले. मांडण्यांवर जुनेच आकडे.

झोप लांबवली होती, त्यामुळे जागं व्हायला वेळ लागणार हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि अध्यक्षांच्या शेजारी उभं राहून ते सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी घड्याळ पाहिलं. सरांनी पाहिलं नाही, पण हात पाठीमागे बांधून घेतले. बाहेर दोन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन थांबली होती.

मामा मांडणीपाशी जाऊन उभे होते. तेच पहिल्यांदा बोलले.

"तेल बदललं."

मग थोडं थांबून, "पोहे बदलले." मग ते रांगेतून चालू लागले आणि जे बदलेल ते मोठ्याने सांगू लागले. तूरडाळ. मसूर. साखर. शेंगदाणे. बाजारात भाव पुकारावेत तसा त्यांचा आवाज चढत गेला आणि बाहेरची गिऱ्हाइकं आत येऊन ऐकू लागली. कॉम्प्युटरवर माझ्या हजेरीत एकेक क्रमांक "मिळालं" म्हणत होता. शेवटी एकच उरला, मोहरीचा. तो काही केल्या बोलेना. मी जाऊन पाहिलं तर पाटी बसवताना सेलच नीट बसला नव्हता. ती चूक आपल्या हातूनच झाली असणार असं सर हळूच म्हणाले. मामांनी खिशातून पेन काढलं, एका कार्डावर लाल शाईत मोहरीचा भाव लिहिला आणि त्या पाटीवर टेकवला. "एवढी एक माझी," ते म्हणाले.

अध्यक्षांनी मला एवढंच विचारलं की रात्री या खरंच झोपतात का. मी म्हटलं, संध्याकाळी थांबून बघा. ते थांबले. मामांनी उदबत्ती लावली, शटर अर्धं ओढलं, मेन पाडला. दुकान काळंभोर झालं. मामा थोडा वेळ वाट पाहून म्हणाले, "राखण बंद झाली म्हणायची. शोभा गेली की." अध्यक्ष मोठ्याने हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

बैठकीत पाट्या ठेवायचं ठरलं. सरांनी वायरलेससाठी तिसरी खोली घेतली आणि माझ्याकडे एक मदतनीस मुलगीही दिली. मी मंगळवार पेठेतल्या घरमालकाला हो म्हणून आले.

थंडी संपता संपता आई आणि वडील आले. वडिलांनी एसटीतून सामान आणलं आणि ड्रायव्हरशी इतक्या गप्पा मारल्या की उतरताना एक पोतं गाडीतच राहिलं, ते दुसऱ्या दिवशी डेपोतून आणावं लागलं. आईने पहिल्या दिवशी घरातला प्रत्येक नळ उघडून बघितला. रात्री आम्ही तिघं एका ताटाभोवती नाही, पण एका खोलीत बसून जेवलो, आणि बराच वेळ कुणाला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी घाईने, ओरडून, फोनवर बोलत आलो होतो.

मग मी आईला पाट्यांची सगळी गोष्ट सांगितली. रेडिओ, मास्टर, मेन, लाल ठिपके. पोस्टाच्या कट्ट्यावरचा आमचा नियम मी त्यांना कसा शिकवला, तेही सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता ऐकत होती. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. माझं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे आता त्यातलं कोण उपाशी बसत न्हाय न्हवं?"

"नाही बसत, आई."

"मग झालं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.